मीठ, साखर आणि डॉ. महालनोबिस

मित्रांनो, 'महालनोबिस' हे नाव वाचलं की आपल्यापैकी अनेकांना स्टॅटिस्टिक्सचे पी. सी. महालनोबिस आठवतील. पण हा लेख दुसऱ्या महालनोबिसांवर आहे. डॉ. दिलीप महालनोबिस हे मुलांचे डॉक्टर आणि संशोधक होते. मेडिकलचा विषय इंजिनिअरिंगच्या मासिकात कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की, 'डिझाइन' म्हणजे काय हे मला या माणसाच्या कामातून जितकं कळलं, तितकं फार कमी ठिकाणी कळलं.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1934 चा, आज बांगलादेशात असलेल्या किशोरगंजचा. कोलकात्यात डॉक्टर झाल्यावर ते इंग्लंडला शिकले आणि 1960 च्या दशकात परत येऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातील केंद्रात कॉलऱ्यावर संशोधन करू लागले.

1971 साली पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटलं. जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव भागात लाखो लोक कसेबसे राहत होते आणि तिथे कॉलरा पसरला. जूनच्या अखेरीस डॉ. महालनोबिस तिथल्या रुग्णालयात पोहोचले. वय फक्त 36. दोन खोल्या, जमिनीवर दाटीवाटीने पडलेले रुग्ण आणि सगळीकडे उलट्या-जुलाबांची घाण. सलाईन लावायचं तर त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत.

कॉलऱ्यात माणूस मुख्यतः दगावतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्या काळी उपचार म्हणजे शिरेतून सलाईन. त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया, नळ्या आणि शिर अचूक शोधणारा प्रशिक्षित माणूस लागतो. बनगावात सलाईनचा साठा संपत आला होता आणि ते लावू शकणारे हातही मोजकेच होते. आपल्या भाषेत सांगायचं तर 'बॉटलनेक' तिथे होता!

मग तोंडानेच पाणी का पाजू नये? नुसतं पाणी पाजून भागत नाही, कारण आजारी आतडं ते पुरेसं शोषत नाही. पण 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं होतं की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियमही घेतात. सोडियमपाठोपाठ पाणी आत जातं. विशेष म्हणजे कॉलऱ्यातही हा मार्ग चालू राहतो. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांना असं द्रावण पाजून सलाईनची गरज खूप कमी करता येते हे दाखवलं होतं. म्हणजे तत्त्व माहीत होतं. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून. हजारोंच्या गर्दीत, घाणीत, अशिक्षित माणसांच्या हातात ते चालेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चुकलं असतं तर माणसं गेली असती, आणि जबाबदारी डॉक्टरांचीच.

त्यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. मूळ सूत्रातलं पोटॅशियम वगळलं, कारण मिश्रण स्वस्त आणि सोपं व्हायला हवं होतं. कोलकात्यात पुड्या भरल्या गेल्या, बनगावात तोटी लावलेल्या पिंपात द्रावण तयार झालं. पाजणारे कोण? रुग्णांच्या आया, भाऊ, नवरे! किती पाजायचं? तहान भागेल तेवढं. शरीर कोरडं असताना हे पाणी गोड लागतं, भरपाई झाली की नकोसं होतं. यापेक्षा साधी 'फीडबॅक सिस्टीम' कोणती असेल?

निकाल काय? त्या छावण्यांमध्ये आधी सुमारे 30 टक्के रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. हा काही प्रयोगशाळेतला काटेकोर तुलनात्मक प्रयोग नव्हता, हे मान्य. पण आकड्यातला फरक पाहा.

तरीही अनेक डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. मीठ-साखरेचं पाणी हे काय औषध झालं? त्यांचा अहवाल 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. 1978 मध्ये 'लॅन्सेट'ने तोंडाने पाणी देण्यामागचा हा शोध शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरू शकेल, असं म्हटलं. ओआरएसने पाच कोटींहून अधिक जीव वाचवले असा अंदाज आहे. महाराष्ट्रात आपण त्यालाच 'जलसंजीवनी' म्हणतो. माझ्या आईने फिजिऑलॉजी कधीच वाचलेली नाही, पण एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण तिला तोंडपाठ आहे. (चमचा चहाचाच! साखर जास्त झाली तर जुलाब वाढू शकतात, मीठ जास्त झालं तर धोका. आणि शक्यतो पाकीटच वापरावं.)

16 ऑक्टोबर 2022 रोजी डॉ. महालनोबिस कोलकात्यात वारले. भारत सरकारने 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं. ते हयात असताना आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं?

प्रोजेक्टचा विषय निवडताना आपण 'यात नवीन काय?' एवढंच विचारतो. सेन्सर, ॲप, काहीतरी भारी दिसलं पाहिजे! डॉ. महालनोबिस यांनी नवीन रेणू शोधला नाही की नवीन यंत्र बनवलं नाही. तज्ज्ञाच्या हातातली गोष्ट त्यांनी आईच्या हातात दिली, आणि ती तिथेही चालते हे दाखवलं. माझ्या मते हेही संशोधनच आहे, आणि अवघड संशोधन आहे. तेव्हा मित्रांनो, पुढच्या रिव्ह्यूला जाताना आणखी एक प्रश्न सोबत घेऊन जाऊया : आपण बनवलेली वस्तू आपण समोर नसतानाही चालेल का?