मेहनत गेली, खुराक राहिला

वजन उतरवायचे ठरले की माणसे सहसा दोनपैकी एक वाट धरतात. काही जण एकदम जेवण तोडतात. काही जण पहाटे उठून चालू लागतात आणि 'आता व्यायाम करतोय' म्हणून ताटात दोन घास जास्त वाढून घेतात. दोन्ही वाटांनी महिना-दोन महिन्यांत निराशाच पदरी येते. आहार आणि व्यायाम यांचा जमाखर्च एकाच वहीत मांडावा लागतो. तो कसा मांडायचा, हे आज पाहू.

आपला कोल्हापूर जिल्हा तालमींचा. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, आणि या मातीत कुस्तीबरोबर 'खुराक' हा शब्दही रुजला. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पैलवान हे सारे पचवत असे, कारण पहाटेपासून शेकडो जोर-बैठका आणि लढती त्याच्या अंगाखांद्यावरून जात. खुराक ही त्या मेहनतीची जोडीदार होती. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात लढले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकच्या मल्लालाही वजनकाटा चुकत नाही. अडचण होते ती तालीम सुटल्यावर. मेहनत बंद पडते, जिभेची सवय मात्र तशीच राहते.

हीच गोष्ट आता बिद्री परिसरातल्या घराघरांत दिसते. एके काळी शेतावर पायी जाणे, पाणी पाजणे, वैरण डोक्यावरून आणणे हा रोजचा व्यायाम होता. आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि मोटारीचा पंप घरबसल्या मोबाईलवरून सुरू होतो. कामाचे कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. पण कष्टकऱ्याचे ताट आपण तसेच ठेवले.

थोडा हिशेब

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकात, म्हणजे कॅलरीत मोजतात. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण १२० ते १५० उष्मांक खर्च होतात. आता दुसरी बाजू पाहा. एका वडापावात सुमारे ३०० उष्मांक असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७०. एक चमचा तेलात ४५. पहाटे फिरून येताना दूध कट्ट्यावर अर्धा लिटर म्हशीचे दूध घेतले तर ५०० च्या वर. म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्याची कमाई पाच मिनिटांत तिप्पट-चौपटीने परत जमा होते. अशा माणसाचे वजन चालूनही वाढते, आणि तो दोष चालण्याला देतो.

चहाचेही तेच. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर ५० ग्रॅम साखर आणि २०० उष्मांक होतात. कारखान्याच्या आणि गुऱ्हाळांच्या मुलखात गोडाचे वावडे कोण धरणार? पण 'मी साखर सोडली, गूळ घेतो' असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की उष्मांकांच्या हिशेबात दोघांत फार अंतर नाही.

मग नुसते उपाशी राहिले तर?

उपाशी राहिल्याने पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो. त्यातला बराच भाग पाण्याचा असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट रात्रभर घाम गाळूनही ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरल्या आणि अपात्र ठरल्या. एका रात्रीत उतरते ते पाणी, चरबी नव्हे, आणि तेही हवे तेवढे उतरतेच असे नाही. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० उष्मांक. ती दोन दिवसांत जाणार कशी?

उपाशी माणसाच्या शरीरातून चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू घटले की शरीराचा बसल्या जागचा खर्च कमी होतो. मग पूर्वीइतके जेवले तरी वजन पुन्हा चढते, आणि चढते ते चरबीच्या रूपाने. उपवासाचे म्हणाल तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीने खरी करून दाखवली आहे.

व्यायामाचे मोल केवळ जळलेल्या उष्मांकांवर ठरत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश संशोधकाचे उदाहरण मांडले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी आत चरबी बाळगून असू शकतो, आणि ती चरबी मधुमेहाला आवतण देते. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरावा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

प्रत्यक्षात काय करावे?

रोजच्या खाण्यातून ३०० उष्मांक कमी करावेत आणि अर्धा तास चालावे. कागदावर महिन्याला दीड किलोच्या वर घट दिसते. प्रत्यक्षात थोडी कमी होईल, कारण वजन उतरते तसा शरीराचा खर्चही घटतो. महिन्याला एक ते दीड किलो उतरले तरी समाधान मानावे.

ताटातली एक भाकरी किंवा निम्मा भात कमी करा. त्या जागी पालेभाजी, कोशिंबीर वाढा. उसळ, पिठले, ताक, अंडे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असू द्या, म्हणजे स्नायू टिकतील. तांबडा-पांढरा रस्सा खुशाल घ्या. पण वरचा तवंग बाजूला काढा आणि भाकरी मोजून घ्या. घरात माणशी महिन्याला अर्धा किलो तेल पुष्कळ झाले. उरलेले टाकवत नाही म्हणून भांड्यातले शेवटचे घास स्वतःच्या पोटात ढकलण्याची सवय आपल्या माताभगिनींना असते. त्यांनी स्वयंपाकच मोजून करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. तरुणांनी जोर-बैठका काढाव्यात. गुडघे दुखत असतील त्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे.

सावधान

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी आणि चालणे जास्त असा बदल परस्पर करू नये. औषध तेवढेच राहिले तर रक्तातली साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, भोवळ, बोलण्यात असंबद्धता ही तिची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. बाहेर पडताना खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि आहार बदलण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

चालताना छातीत दुखले किंवा दाटून आले तर जागीच थांबा व तपासून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. आणि काही न करता वजन घटू लागले तर आनंद मानू नका; मधुमेह किंवा क्षय नाही ना, याची खात्री करून घ्या.

आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी अनशापोटी वजन करून वहीत लिहा. शेजारी चाललेली मिनिटे आणि घेतलेले चहा मांडा. महिनाभरात आपली चूक ताटात आहे की पायांत, ते वहीच सांगेल.