पावसाळी रोपे आणि तांबड्या दिव्यांची जोड

आषाढातल्या एखाद्या दुपारी आपल्या अंत्रुज महालातील कुळागरात जाऊन पाहा. माड वर, त्याखाली पोफळी, पोफळीला बिलगलेली मिरवेल, त्याखाली केळी आणि अगदी तळाशी अननस व हळद. वरून पाऊस कोसळत असतो आणि खाली भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. या अंधारात हळद आनंदाने वाढते. पण तिच्या शेजारी मिरचीचे बी टाकले, तर रोप सुतासारखे बारीक व लांबट होऊन आडवे पडते. घराच्या पडवीत, खिडकीपाशी ठेवलेल्या कुंडीचीही हीच कथा. म्हणूनच पावसाळ्याच्या अखेरीस मिरची-वांग्यांची तयार रोपे हाताशी असावीत, असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे दरवर्षी एकच अडचण उभी राहते: प्रकाश आणावा कोठून? भाजी बेळगावहून येते हे खरे; पण घाटातला रस्ता दरडीमुळे बंद पडला, की परसातल्या चार झाडांची किंमत घरच्या गृहिणीला विचारावी.

अलीकडे पुष्कळ घरांत लाकडी फळीखाली पांढरा एलईडी दिवा टांगून त्याखाली रोपे वाढवितात. त्यात तांबडे दिवे जोडले म्हणजे रोपे जोमाने वाढतात, असेही ऐकू येते. हे कितपत खरे आहे आणि खरे असल्यास का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पांढरा एलईडी दिवा मुळात पांढरा नसतोच. त्याच्या पोटातली चकती निळा प्रकाश देते आणि तिच्यावर लावलेला पिवळसर लेप त्यातला काही निळा प्रकाश गिळून पिवळा, हिरवा व थोडा तांबडा प्रकाश बाहेर टाकतो. या सर्वांचे मिश्रण आपल्या डोळ्यांना पांढरे भासते. एखादी जुनी सीडी घेऊन तिच्यावर या दिव्याचा प्रकाश तिरका पाडून पाहा. निळा पट्टा ठळक दिसेल, हिरवा-पिवळा भाग भरदार दिसेल आणि तांबड्याच्या टोकाकडे प्रकाश मावळत गेलेला आढळेल. उणीव नेमकी तेथे आहे.

आता पान काय मागते ते पाहू. १८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक नामी युक्ती योजली. त्याने हिरव्या शेवाळाच्या तंतूवर लोलकातून काढलेला इंद्रधनुष्यी पट्टा पाडला आणि पाण्यात प्राणवायूचे लोभी जंतू सोडले. जंतूंनी गर्दी केली ती तांबड्या व निळ्या पट्ट्यांत. म्हणजे प्राणवायू तेथेच अधिक सुटत होता. हरितद्रव्य हे दोन रंग विशेष शोषते. त्याच्या एका प्रकाराचे तांबड्यातले शिखर सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी येते. पण यावरून 'हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी' असा जो समज पसरला आहे, तो मात्र चुकीचा आहे. १९७२ साली मॅक्री याने २२ जातींच्या पिकांची पाने तपासून दाखविले, की हिरवा प्रकाशही पुष्कळ कामी येतो. फक्त तांबड्याचा क्रम पहिला लागतो.

तांबड्याला हा मान का? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. प्रकाश कणाकणांनी येतो आणि प्रकाशसंश्लेषणाचा व्यवहार या कणांच्या संख्येवर चालतो, कणाच्या श्रीमंतीवर नव्हे. निळा कण अधिक ऊर्जेचा, तांबडा कमी ऊर्जेचा. पण पानाच्या दुकानात दोघांचेही मोल जवळजवळ सारखेच. निळ्या कणाची जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ६६० ला ४५० ने भागा: उत्तर सुमारे १.४७ येते. तेवढ्याच ऊर्जेत निळ्यापेक्षा तांबडे कण जवळजवळ दीडपट मिळतात. एक ज्यूल तांबड्या प्रकाशात सुमारे ३३ वर १७ शून्ये इतके कण असतात! विजेच्या बिलाच्या दृष्टीने तांबडा दिवा काटकसरी ठरतो तो यामुळे.

येथे एक फसगत सांगून ठेवतो. दिव्याच्या वेष्टनावर 'ल्यूमेन'चा आकडा छापलेला असतो. ते माप माणसाच्या डोळ्याचे आहे, पानाचे नव्हे. आपला डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत तीव्रतेने जाणतो. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्याला त्याच्या शेकडा सहा इतकाच प्रतिसाद देतो. म्हणून हे दिवे आपल्याला मंद वाटतात आणि 'यात काय वाढणार?' अशी शंका येते. डोळ्याच्या न्यायालयात पानाचा खटला चालवू नये.

बाजारात शोभेच्या तांबड्या पट्ट्या मिळतात. त्यांचा प्रकाश साधारण ६२५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्या अगदीच टाकाऊ नव्हेत. प्रकाशसंश्लेषण त्यांच्यावरही चांगले चालते. पण ६६० चे दिवे मिळत असतील, तर तेच घ्यावेत. कारण तांबड्या प्रकाशाचे आणखी एक काम आहे आणि ते मला सर्वांत विलक्षण वाटते.

१९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या (लेट्यूसच्या) बियांवर प्रयोग केले. ओल्या बियांवर तांबडा प्रकाश क्षणभर पाडला, की बी रुजे. मागाहून ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश पाडला, की रुजणे थांबे. पुन्हा तांबडा, पुन्हा अतितांबडा, असे कितीही वेळा केले, तरी निकाल शेवटच्या झोतावर अवलंबून राही. बियांत जणू एक कळ होती: एका रंगाने उघडणारी, दुसऱ्याने मिटणारी. हे द्रव्य १९५९ साली उपकरणाने प्रत्यक्ष ओळखता आले आणि पुढे त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले.

कुळागरातल्या सुतासारख्या रोपाचे कोडे येथे बरेचसे उलगडते. वरच्या पानांनी तांबडा प्रकाश शोषून घेतलेला असतो. अतितांबडा मात्र त्यांच्यातून पाझरून खाली येतो. उघड्या उन्हात तांबडा व अतितांबडा यांचे प्रमाण सव्वास एक असे असले, तर दाट सावलीत ते पावास एक किंवा त्याहूनही खाली येते. रोपाची कळ मिटते आणि ते समजते, की डोक्यावर कोणी तरी आहे, उंच व्हायला हवे. हळदीला सावलीची सवय; मिरचीला ती मानवत नाही.

पडवीतल्या कुंडीची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि या ठिकाणी पुष्कळजण घसरतात. ढगांमुळे प्रकाशाचा रंग फारसा बिघडत नाही. त्याची मात्रा घटते. पांढऱ्या एलईडीत अतितांबडा फार थोडा. तेव्हा त्याखालची रोपे लांबट होत असतील, तर दोष बहुधा रंगाचा नसून मात्रेचा असतो. दिवा छताजवळ टांगलेला असेल, तर आधी तो खाली आणा. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले, की प्रकाश चौपट पडतो. लांब नळीच्या बाबतीत लाभ याहून कमी, पण लाभ आहेच. यास खर्च शून्य. त्यानंतर तांबड्याचा विचार करावा.

पांढरा काढून केवळ तांबडे लावावेत काय? मुळीच नाही. निळ्याशिवाय रोपे पुन्हा लांब व पोकळ वाढतात. आणि गुलाबी-तांबड्या उजेडात पाने काळी दिसत असल्याने कीड वा पिवळेपणा ओळखू येत नाही. पांढरा दिवा हे जेवण, तांबडा ही त्यातली जोड. अंतराळ स्थानकावरील 'व्हेजी' या रोपपेटीतही तांबड्याबरोबर निळे व हिरवे दिवे आहेत. तेथे वाढविलेली सॅलडची पाने अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ली. जोडीचे महत्त्व इमर्सन याने १९५७ मध्ये निराळ्या रीतीने दाखविले होते. अगदी टोकाचा तांबडा प्रकाश एकटा दिला, की पान आळसावे. त्याला कमी लांबीच्या प्रकाशाची जोड दिली, की काम दोघांच्या बेरजेपेक्षा अधिक होई. येथे एक आणि एक दोनांहून अधिक झाले!

आता जोडणीकडे वळू. तांबडा एलईडी निक होलोन्याक याने १९६२ च्या ऑक्टोबरात तयार केला. तेव्हा गोवा मुक्त होऊन जेमतेम दहा महिने झाले होते. तांबड्या दिव्याला सुमारे २.१ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला सुमारे ३. म्हणून पांढऱ्याच्या तारांना तांबडा समांतर जोडू नये. सगळा प्रवाह तांबड्यातून धावतो आणि तो जळतो. त्याची वाट वेगळी ठेवावी. १२ व्होल्टांच्या अडॅप्टरवर पाच तांबडे दिवे एकामागून एक जोडले, तर १०.५ व्होल्ट त्यांत खर्ची पडतात. उरलेल्या १.५ व्होल्टांसाठी ४.७ ओहमचा, १ वॅटचा रोधक घालावा. प्रवाह सुमारे ०.३२ ॲम्पियर होतो. रोज १४ तास चालविले, तरी महिन्याला दोन युनिटांच्या आत वीज लागते.

दिवे ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवावेत. मी पहिल्या खेपेस ते लाकडी फळीवरच चिकटवले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे तेज उतरले. तांबडा एलईडी उष्णतेने निळ्याहून अधिक मलूल होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्याकडची पावसाळी ओल लक्षात घेऊन अडॅप्टर पाण्यापासून दूर, उंचावर ठेवावा आणि घरच्या मुख्य विजेला विद्यार्थ्यांनी एकट्याने हात लावू नये.

प्रयोग करावयाचा, तर तो न्यायाने करावा. एका पेटीत पांढरा आणि दुसरीत पांढरा अधिक तांबडा, एवढ्याने भागत नाही. दुसरीतली रोपे सरस निघाली, तर ते तांबड्यामुळे की केवळ अधिक प्रकाशामुळे, हे कसे कळणार? म्हणून तिसरी पेटी हवी: तीत तांबड्याच्या वॅटइतकाच आणखी पांढरा. तिन्हींत एकाच दिवशी तांबडी भाजी पेरावी, माती एकच, पाणी मोजून. एकवीस दिवसांनी उंची, खोडाची जाडी व पानांची संख्या नोंदवावी. मग रोपे वाळवून वजन करावे. उंचीवर भुलू नये. लांबट रोप उंचीत पहिले येते आणि वजनात शेवटचे.

दिवे चोवीस तास मात्र जाळू नयेत. टोमॅटोची पाने अखंड उजेडात खराब होतात. आणखी एक गोष्ट. शेवंतीची कुंडी या दिव्यांच्या आसपास ठेवू नका. शेवंती रात्रीची लांबी मोजून कळी धरते, आणि ती मोजते त्याच फायटोक्रोमने. मध्यरात्री थोडा वेळ तांबडा उजेड पडला, तरी तिला रात्र संपल्यासारखे वाटते. झाड हिरवेगार राहते, पण देवाला वाहायला फूल येत नाही. पडवीतल्या पेटीचा उजेड अंगणात पोहोचतो का, हे रात्री एकदा बाहेर उभे राहून पाहून घ्यावे.