तांदळातले नाव

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याची हयात गेली त्याला कागदपत्रांतले काही शिकावयाचे उरत नाही, अशी एक गोड समजूत मी निवृत्तीनंतरही बाळगून होतो. आणि न्यू जर्सीत राहून अमेरिकेचा नागरिक झालेल्या भाच्याने आपल्या विधवा आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कायमचे तिकडे नेण्याचे मनात आणून "मामा, इकडचे कागद तुम्हीच बघा" असे कळविले, तेव्हा ती अधिकच फोफावली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाने आईबापांसाठी केलेल्या अर्जास त्या देशाच्या कायद्यात वार्षिक संख्येची मर्यादा नाही, भावंडांप्रमाणे वर्षानुवर्षे तिष्ठावे लागत नाही (मामाभाच्याच्या नात्यास तर तेथे थाराच नाही), आणि नाते शाबीत करण्यास आईचे नाव असलेला मुलाचा जन्मदाखला हा मुख्य पुरावा.

घोटाळा नेमका त्या नावात होता. ताईचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले, ते 1974 साली. नगरपालिकेत जन्माची वर्दी देण्यास घरच्यांनी मला धाडले, आणि कारकुनाने आईचे नाव विचारताच लहानपणापासून तोंडात बसलेले तिचे माहेरचे नाव सांगून मी मोकळा झालो. वास्तविक दोन वर्षांपूर्वी मेव्हण्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले होते, आणि शिधापत्रिकेपासून पासपोर्टापर्यंत पुढे तेच चालत आले. लग्न मात्र कोणत्याच दफ्तरी नोंदविलेले नव्हते.

दाखल्याची नक्कल मराठी हस्ताक्षरातली, तिचे इंग्रजी भाषांतर करणारा मीच; तेव्हा आईच्या रकान्यात मी सासरचे नाव घातले, आणि भाषांतर पूर्ण व बिनचूक असल्याबद्दल खाली सहीही ठोकली. लबाडीचा हेतू नव्हता. कचेरीत असल्या कृत्याला आम्ही दुरुस्ती म्हणत असू. परंतु भाच्याने स्वतःच्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी पूर्वी हाच दाखला दुसऱ्या कोणाच्या प्रामाणिक भाषांतरासह त्याच खात्यात दाखल केला होता, हे मी त्याला विचारलेच नव्हते. एका मुलाच्या दोन आया निघाल्या, आणि सुमारे बारा आठवड्यांची मुदत घालून जादा पुराव्याची मागणी करणारे पत्र त्याच्या दारी येऊन पडले.

म्हणून असे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याने नात्यातल्या माणसाने पूर्वी दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आधी मागवावी व नव्याशी रुजवात घालावी. आणि तफावत आढळल्यास ती झाकण्याऐवजी अर्जासोबतच उघड सांगावी. राजपत्रात नाव छापून आणण्याची धावपळ मीही केली; पण राजपत्र आजचा बदल सांगते, 1972 सालच्या बोहल्याची साक्ष ते कोठून देणार? कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडचा "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" हा ठरीव मजकूर मुद्रांकावर उतरवून घेतला, तोही निरुपयोगी, कारण साक्षीदाराचा जन्म कधी व कोठे झाला, अर्जदाराशी त्याचे नाते काय आणि सांगतो ते त्याला कसे ठाऊक, यांतले त्यात काहीच नव्हते.

उपयोगी पडले ते शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, घडीवर फाटलेली लग्नपत्रिका आणि मावशीचे व माझे अशी दोन सविस्तर प्रतिज्ञापत्रे. त्या रजिस्टरात ताईची जन्मतारीख 1 जून आहे, गुरुजींनी निम्म्या वर्गाला बहाल केलेली. ताई म्हणते तिचा जन्म नारळी पौर्णिमेचा. पण पासपोर्टातही 1 जूनच असल्याने या वेळी माझा दुरुस्तीचा हात मी आवरला.

प्रतिज्ञापत्रात मला ताट, तांदूळ, अंगठी हे सारे आणि चुकीची वर्दी देणारा मीच, हेही लिहावे लागले. त्याचे भाषांतर मात्र गावातल्या एका निवृत्त इंग्रजीच्या मास्तरांकडून करविले.