घट्ट म्हणजे नेमकं किती घट्ट?

प्रश्न : मी बोईसरला राहतो. तारापूर एमआयडीसीतली ड्युटी संपली की जुन्या पेट्रोल गाडीची लहानसहान कामं घरीच करतो. मागच्या महिन्यात स्पार्क प्लग बदलले. सैल राहू नये म्हणून पान्यात पाइप घालून जोर लावला, तर एक प्लग आवळता आवळता एकदम हलका झाला आणि नुसताच फिरायला लागला. आटे गेले. किती आवळायचं हे हाताला कळत कसं नाही?

उत्तर : कळतं, पण वेळ गेल्यावर. तुमच्या हाताला जो हलकेपणा लागला, तेव्हा इंजिनाच्या हेडमधलं ॲल्युमिनियम सुटून आलेलं होतं. तो प्लग उजेडात धरून पाहा. आट्यांमध्ये चांदीच्या तारेसारखे चमकणारे तुकडे अडकलेले दिसतील. प्लगची बॉडी पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं. मऊ धातू हरतो.

बोल्ट आवळतो तेव्हा खरं तर आपण त्याला ताणत असतो. ताणलेली स्प्रिंग मागे खेचते, तसा बोल्ट दोन भागांना धरून ठेवतो. मर्यादेबाहेर ताणला की त्याची ओढ संपते. ही ओढ हाताला थेट जाणवत नाही, कारण आपल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षण खातं : निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, उरलेला आट्यांत. म्हणून चिंचणी-डहाणूच्या खाऱ्या वाऱ्यात गंजलेला चाकाचा नट हाताला घट्ट लागतो, पण चाक नीट धरत नाही. उलट आट्यांना तेल लावलंत तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. प्लगला तेल-ग्रीस लावू नका, हे त्यासाठीच.

आता तुमचा प्लग. १४ मिलिमीटरचा, खाली चपटं वायसर असलेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटरने आवळतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर, म्हणजे साधारण २५. पाइप घालून पाना अर्धा मीटर केलात की त्याच जोराचे झाले पन्नास! १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ पुरतात. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

टॉर्क रेंच नसेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवा आणि त्यानेच फिरवत प्लग आत सोडा. आटा वाकडा बसला तर नळी घसरेल आणि हेड वाचेल. प्लग बसला की मगच पाना. १४ मिलिमीटरचा नवा वायसरवाला प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, तोच काढून परत लावला असेल तर जेमतेम एक-बारांश. निमुळत्या बुडाच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग बास. सैलही ठेवू नका. प्लगची उष्णता त्या बैठकीतूनच हेडमध्ये उतरते. बैठक सैल राहिली की प्लग तापून लाल होतो.

तुमच्याच कंपनीतल्या एखाद्या जुन्या फिटरला फ्लँज आवळताना बघा. तो शेजारशेजारचे बोल्ट घेत नाही. समोरासमोरचे घेतो, तेही दोन-तीन फेऱ्यांत, थोडं थोडं. चाकाचे नट तसेच आवळावेत. आणि तारापूरला १९६९पासून ज्या जातीच्या अणुभट्ट्या आहेत, त्यांच्या झाकणाचे जाडजूड स्टड तर पिळतच नाहीत. हायड्रॉलिक दाबाने स्टड सरळ वर ओढतात, नट खाली टेकवतात आणि दाब सोडतात. घर्षणाची भानगडच नको. मला ही युक्ती फार आवडते.

तुमचं हेड वाया गेलेलं नाही. जाणत्या लेथवाल्याकडून त्या भोकात पोलादी तारेचे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवून घ्या. शक्यतो हेड उतरवून. नाहीतर टॅप मारताना निघालेला किस सिलिंडरमध्ये पडतो. तोवर गाडी चालू करू नका.