वजनकाटा, परिचारिका आणि शिक्षक

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ता. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्याच्या पथकातील परिचारिका वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची उंची व वजन पाहते. जव्हार-मोखाड्याकडे तिला कृश बालकांची चिंता. बोईसर-तारापूरच्या कारखानदारी वस्तीत स्थूल बालकही तिच्यापुढे येऊ शकते. तेथे अडचण काट्याची नसून बोलण्याची असते. अंगाने भरलेले मूल निरोगीच, अशी पुष्कळ घरांची समजूत असते. आणि आकडा चारचौघांत उच्चारल्यास मूल खजील होते, पुढील तपासणीस टाळाटाळ करते.

म्हणून शिक्षकांनी ध्यानी घ्यावे :

(१) वजन एकेकाचे, आडोशाला घ्यावे. आकडा पालकांसच सांगावा.

(२) ‘जाड्या’, ‘काडी’ अशी संबोधने वर्गात चालू देऊ नयेत.

(३) प्रत्येक मुलास रोज एक तास धावण्या-खेळण्यास मिळेल असे पाहावे.

(४) शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट व तेलकट-तुपकट पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे. हे विक्रेत्यांस सौजन्याने समजवावे.

परिचारिकेचा दिवस वर्षातून एक. बाकीचे दिवस शिक्षकाच्या हाती आहेत.