संगणकातील नोंदवही उघडत नाही तेव्हा

दाखल्यासाठी नागरिक दाराशी उभा आहे आणि संगणकातील नोंदवही उघडत नाही, अशा वेळी प्रथम पडद्यावरील त्रुटी-क्रमांक टिपून घ्यावा. ‘मायएसक्यूएल’ प्रणालीत २००२ किंवा २००३ म्हणजे सर्व्हरशी संपर्कच नाही. सेवा चालू आहे का आणि सर्व्हर दूर असल्यास ३३०६ हे नेहमीचे पोर्ट खुले आहे का, ते पाहावे. १०४५ म्हणजे संपर्क झाला, परंतु वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड वा प्रवेशाचे ठिकाण नोंदीशी जुळत नाही. लिनक्सवरील १३ हा क्रमांक फाइलीची परवानगी नसल्याचे सांगतो. तेव्हा घाईने ७७७ देऊन ती सर्वांना मोकळी करू नये. प्रथम मालकी तपासावी; पासवर्ड असलेल्या फाइलीस बहुधा ६४० पुरेसे असते. नोंदी लोकांच्या आहेत. कुलूप मोडण्यापेक्षा योग्य किल्ली शोधणे हेच हिताचे.