ओपलचा दागिना सांभाळताना

मनू, फोटो पाहिला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची इंग्लंडची हातघडण, चांदीचं पेंडंट, मधोमध ओपल, कडेला मीनाकामाची पानं. आवड झकास आहे गं तुझी, धीर तेवढा कमी! म्हणून मावशीचं थोडं ऐक.

१. घालताना सगळ्यात शेवटी, काढताना सगळ्यात आधी – अत्तर नि हेअरस्प्रे खड्यावर बसला की झळाळी मंदावते. आधी वास, मग साज.

२. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नकोस – मोह्स मापावर ओपलचा कठीणपणा साडेपाच ते साडेसहा, धुळीतल्या क्वार्ट्‌झचा सात, चरे पडणारच. मऊ ओलसर फडकं हलकेच फिरव.

३. रिठ्याच्या पाण्यात दागिने भिजत घालायची घरची सवय इथे विसर – खडा जोडाचा असला तर डिंक सुटतो, आणि मागाहून बसवलेला इथिओपियाचा वेलो ओपल असला तर तो पाणी पिऊन रंगच घालवून बसतो. तो वाळला की रंग परततो, पण तोवर तुझा जीव टांगणीला. अल्ट्रासॉनिक यंत्र कुठल्याच ओपलला नको.

४. खडा कडेने बघ – सरळ रेघ दिसली, तर खाली काळा थर चिकटवलेला समज. मागून चांदीने बंद कोंदण असेल तर रेघ लपते. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचार आणि उत्तर पावतीवर लिहून घे. तोंडची हमी, दारापर्यंत कमी.

५. टाका लावायचा असला तर सोनाराला आधी खडा काढायला सांग – ज्योतीच्या धगीने ओपल तडकतो.

६. हातोडीचे ठोके निरखून बघ – ॲशबीच्या कारागीर-गिल्डमध्ये (स्थापना १८८८, लंडन) ते हाताने पडत. लिबर्टी दुकानाच्या ‘किम्रिक’ मालात बरेचदा यंत्राने उठवलेले असत. तेही सुंदरच, फक्त हाताच्या घडणावळीचे पैसे मोजू नकोस.

७. नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू दे – त्यानेच पानं उठून दिसतात. लखलखीत चांदी हवी तर निरांजन घास.

८. डबीत सिलिका जेलची पुडी नको, हीटरवर तर डबीच नको – ओपलच्या पोटात पाणी असतं, ते सुकलं की बारीक भेगा पडू शकतात.

९. ओपलला लोक अपशकुनी म्हणतील, हसून सोड – व्हिक्टोरिया राणीने लेकींना ओपलच दिले होते. आत्याने फारच लावून धरलं तर ‘शुक्राचा खडा आहे’ म्हण, स्वतःच बोटात घालून बघेल.